बुलबुलाच्या पायावरचा फोड

श्रावणातली उघडीप होती. नागावच्या आमच्या वाडीत विहिरीच्या काठावर रहाटाचे दोन खांब अजून उभे आहेत. रहाट गेला, पंप आला, खांब तेवढे राहिले. त्यातल्या एका खांबावर रोज सकाळी लालबुड्या बुलबुलांची जोडी येते. त्या दिवशी एकटाच आला आणि एका पायावर बसला. दुर्बीण लावली तेव्हा दिसलं, की डाव्या पायाच्या मधल्या बोटावर मुगाच्या दाण्याएवढी, पिवळसर तपकिरी, वरून खरखरीत गाठ आहे. डोळ्याच्या कडेलाही एक बारीक फोड होता. पक्षी उडत होता, पिकल्या पपईला चोच मारत होता, पण बसताना तो पाय टेकत नव्हता.

ओटीवर नाना चहा घेत होते. नाना म्हणजे माझे चुलत काका. छत्तीस वर्षं हिवताप खात्यात होते. तापाच्या रुग्णाच्या बोटाला सुई टोचून काचपट्टीवर रक्त घ्यायचं, गोळ्या द्यायच्या, डबकी शोधायची, यातच त्यांची नोकरी गेली. जुनी माणसं अजून त्यांना मलेरियावाले नाना म्हणतात. मी दुर्बीण त्यांच्या हातात दिली. बराच वेळ बघून ते म्हणाले, "ही देवी. कोंबडीच्या तुऱ्यावर येते ना, तीच."

"मलाही तसंच वाटतंय. पण नुसतं बघून खात्रीनं सांगता येत नाही, नाना. खरजेच्या किडीनंही पायावर अशी जाड खवलं येतात. दुसऱ्या एका विषाणूनं चामखीळही होते. खपली प्रयोगशाळेत गेली तरच कळेल."

"आणि कुठली प्रयोगशाळा बुलबुलाची खपली घेऊन बसलीय?"

आमचा वाद इथून सुरू झाला तो दुपारच्या जेवणापर्यंत चालला. पक्ष्यांची देवी डासही पसरवतो, पण तिचा विषाणू डासाच्या पोटात वाढत नाही. डास फोडावर बसतो, सोंडेला विषाणू लागतो आणि पुढच्या पक्ष्याला चावताना तो तिथे टोचला जातो. म्हणून फोड येतात ते जिथे पिसं नाहीत तिथे: पायांवर, चोचीच्या बुडाशी, डोळ्यांभोवती. बरेच पक्षी काही आठवड्यांत बरे होतात. ज्याचे डोळे फोडांनी बंद झाले किंवा ज्याच्या घशात पांढरे चट्टे आले, त्याला दाणा टिपता येत नाही आणि तो उपासमारीनं मरतो. माणसाला हा रोग होत नाही. गळून पडलेल्या खपलीत विषाणू महिनोन्‌महिने टिकतो, त्यामुळे जिथे पक्षी गर्दीनं दाणा टिपतात तिथे डासाशिवायही तो पसरतो.

"म्हणजे तुझ्या त्या दाण्याच्या ताटलीवर," नाना म्हणाले.

मी गप्प बसले, कारण ताटली माझीच होती. शेजारी पाण्याचं मातीचं परळही माझंच होतं. एप्रिलच्या उन्हाळ्यात हौसेनं आणून कठड्यावर ठेवलेलं. पाऊस सुरू झाल्यावर त्यात पाणी आपोआप भरू लागलं आणि माझं लक्ष उडालं.

नाना उठले. परळ अलगद उचललं, पाणी पांढऱ्या ताटात ओतलं आणि मला जवळ बोलावलं. ताटात दहाबारा अळ्या वळवळत होत्या. थोड्या स्थिरावल्यावर त्या पाण्याच्या पृष्ठभागाला शेपटाकडच्या नळीनं चिकटल्या आणि डोकं खाली करून तिरक्या लटकल्या. "हिवतापाचा डास असता तर अळी पाण्यावर आडवी पडून राहिली असती. ॲनॉफिलिस. ही लटकलीय, म्हणजे क्युलेक्स नाहीतर एडिस. अंड्यापासून डास व्हायला पावसाळ्यात आठदहा दिवस पुरतात. तू पक्ष्याला पाणी दिलंस आणि त्याच पाण्यातून त्याला चावणारा डास काढलास."

"मग पाणी ठेवूच नको म्हणता?"

"ठेव. पण रोज ओत आणि काथ्यानं घास. नुसतं ओतून भागत नाही. एडिसची अंडी काठाला चिकटलेली असतात, ती कोरडी पडून महिनोन्‌महिने जगतात, पाणी आलं की फुटतात. आठवड्यातून एक दिवस उन्हात उपडं घाल. आम्ही घराघरांत कोरडा दिवस पाळा म्हणून सांगत फिरायचो, ते माणसांच्या हंड्यापिंपांसाठी. पक्ष्याच्या भांड्याला तोच नियम."

इथवर आमचं एकमत होतं. खरा मतभेद पुढे निघाला.

मी म्हटलं, "नाना, तुम्ही सगळी नोकरी डासांमागे घालवलीत. पण त्या सगळ्या काळात पक्षी आजारी पडतो ही गोष्ट कुणाच्या मनात आली का?"

"आली की. रॉसच्या मनात आली."

नानांना रोनाल्ड रॉसबद्दल फार आदर. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादला रॉसला ॲनॉफिलिस डासाच्या पोटात हिवतापाचा परजीवी दिसला. तो दिवस जगभर डास दिन म्हणून पाळतात आणि नानांच्या कार्यालयातही पाळला जायचा. पण डासाच्या पोटात परजीवी दिसला म्हणून डासाच्या चाव्यानं रोग होतो हे सिद्ध होत नव्हतं. पुढचं काम झालं १८९८ साली कलकत्त्यात. तिथे रॉसला माणसांवर प्रयोग करणं जमेना, म्हणून तो पक्ष्यांच्या हिवतापाकडे वळला. रोगी पक्ष्यांचं रक्त प्यायलेले राखी डास त्यानं निरोगी चिमण्यांना चावू दिले. जुलैत त्या चिमण्यांच्या रक्तात परजीवी सापडले आणि डासाच्या लाळग्रंथीतून रोग कसा उतरतो हे जगाला कळलं. १९०२ चं नोबेल त्याला याच कामासाठी मिळालं.

"आणि तो राखी डास कुठला, माहीत आहे?" नाना म्हणाले. "क्युलेक्स क्विंक्विफॅसिएटस. हत्तीरोग पसरवणारा. आपल्या संडासच्या टाकीत होतो तोच."

"नाना, त्या चिमण्यांचं पुढे काय झालं?"

नानांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं.

"तेच मला म्हणायचंय. डासामुळे रोग होतो हे ज्या चिमण्यांनी सिद्ध करून दिलं त्या आपल्या हिशेबात रोगी म्हणून आल्याच नाहीत. पुढेही तेच. १९५७ मध्ये शिमोग्याकडे क्यासनूरच्या जंगलात माकडं आणि माणसं मरायला लागली. तो रोग गोचिडांचा, पण स्थलांतरित पक्ष्यांनी आणला असेल अशी शंका आली, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीनं बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीनं १९५९ पासून पक्षी पकडून कडी घालायला सुरुवात केली. सालिम अलींनी त्यातून स्थलांतराचं केवढं ज्ञान गोळा केलं! पण पैसा आला तो पक्षी आपल्याला काय देतो हे बघायला. जपानी मेंदूज्वराचंही तसंच. भातखाचरातल्या क्युलेक्स डासांमुळे तो विषाणू ढोकरी आणि गायबगळ्यांच्या रक्तात फिरतो. ते पक्षी सहसा आजारी दिसत नाहीत, म्हणून त्यांना वाहक म्हणायचं आणि विषय संपवायचा. न्यूयॉर्कला १९९९ मध्ये कावळे रस्त्यावर मरून पडायला लागले. तो वेस्ट नाइल विषाणू निघाला. त्या कावळ्यांचा उपयोग काय, तर माणसांना आगाऊ इशारा. पक्षी हा स्वतःसाठी आजारी असतो हे कुणी म्हणतच नाही."

नाना रागावले. नाना सहसा रागावत नाहीत.

"तू पुस्तकातून बोलतेस. माझी धाकटी बहीण कमल चार वर्षांची असताना तापानं गेली. १९५१ सालची गोष्ट. मी सात वर्षांचा होतो. गोधडीवर गोधडी टाकली तरी पोर थडथड उडायची. तेव्हा देशात वर्षाला साडेसात कोटी माणसांना हिवताप व्हायचा, आठ लाख मरायची. १९५३ साली सरकारनं कार्यक्रम सुरू केला, घराघरांत डीडीटी मारलं आणि दहाबारा वर्षांत रुग्ण लाखावर आले. लाखावर! त्यासाठी रॉसनं चिमण्या वापरल्या असतील तर वापरल्या. मी त्या चिमण्यांपुढे हात जोडीन, पण कमलपेक्षा चिमणी मोठी म्हणणार नाही."

"मोठी म्हणत नाही मी."

"मग काय म्हणतेस?"

मला लगेच सांगता आलं नाही. नानांचं दुःख खरं होतं आणि आकडेही खरे होते. मी एवढंच म्हटलं, की त्याच डीडीटीनं जगभर शिकारी पक्ष्यांच्या अंड्यांची कवचं पातळ झाली, आणि १९७६ पर्यंत देशातला हिवताप पुन्हा चौसष्ट लाख रुग्णांवर चढला, कारण डास औषधाला सरावले. नाना हे मानतात. ७६ साली ते रात्री रात्री काचपट्ट्या तपासत होते.

मग त्यांनी वादातला खरा प्रश्न विचारला, आणि तो मला आजही बिनतोड वाटतो. "पक्षी आणि डास इथे हजारो वर्षं एकत्र आहेत. आपल्या चिमणीच्या रक्तात परजीवी असतील, पण ती त्यांना सरावलेली आहे. मग आजार कुठे आला? तुला दिसला एक बुलबुल. त्यावरून वाडीभर काळजी कशाला?"

मी म्हटलं, हवाई बेटांवर हा सराव नव्हता. तिथे मुळात डासच नव्हते. १८२६ च्या सुमारास एका जहाजाच्या पाण्याच्या पिंपांतून हाच क्युलेक्स माउई बेटावर उतरला. पुढे माणसांनी आणलेल्या परक्या पक्ष्यांतून हिवतापाचा परजीवी आला. तिथल्या रंगीत मधपक्ष्यांना त्याची ओळखच नव्हती. ईवी नावाच्या लाल पक्ष्याला प्रयोगात रोगी डास एकदाच चावू दिला, तर दहांतले नऊ पक्षी मेले. उरलेले मधपक्षी डोंगरमाथ्यावर, थंडीमुळे डास आणि परजीवी वाढत नाहीत अशा पट्ट्यात तगून आहेत, आणि हवा तापते तसा तो पट्टाही वर सरकतोय. २०२३ मध्ये अमेरिकेनं एकवीस जाती नामशेष झाल्याचं जाहीर केलं, त्यांत हवाईचे आठ पक्षी होते, बहुतेक मधपक्षी. नानांनी हे सगळं ऐकलं आणि म्हणाले, "हेच मी म्हणतोय. ते हवाई. हे नागाव." बरोबर होतं. हवाईचं भय इथे आणून लावणं खोटेपणा झाला असता.

म्हणून मी लंडनची गोष्ट सांगितली. तिथली चिमणी तिथलीच आणि डासही तिथलेच. १९९५ ते २०१८ या काळात लंडनमधल्या चिमण्या एकाहत्तर टक्क्यांनी घटल्या. संशोधकांनी अकरा ठिकाणच्या चिमण्यांचं रक्त तपासलं, तेव्हा सरासरी चौऱ्याहत्तर टक्के चिमण्यांत हिवतापाचा परजीवी निघाला. रोग होता किंवा नव्हता यानं फरक पडत नव्हता, तो जवळपास सगळीकडेच होता. फरक होता तो प्रत्येक चिमणीच्या रक्तातल्या परजीवींच्या संख्येत. जिथे ती जास्त, तिथे चिमण्यांची वस्ती घटत चाललेली. आणि स्वीडनमध्ये एका तळ्याकाठच्या वटवट्यांवर वर्षानुवर्षं नजर ठेवली गेली. ज्यांच्या रक्तात परजीवी मुकाट्यानं टिकून होता ते पक्षी आजारी दिसत नव्हते, पण त्यांची पिल्लं कमी निघत होती आणि आयुष्य लवकर संपत होतं. २०१५ मध्ये ते प्रसिद्ध झालं.

नाना बराच वेळ काही बोलले नाहीत. शेवटी म्हणाले, "हे आमच्या प्लीहेसारखं झालं. पूर्वी पोरांच्या पोटाला हात लावून आम्ही प्लीहा वाढलीय का ते बघायचो. पोर खेळत असायचं, ताप नसायचा, आणि पोटात हाताएवढी प्लीहा. आई म्हणायची, माझं पोर ठीक आहे. ते ठीक नसायचं."

हे नानांनी स्वतःहून म्हटलं. माझ्या सगळ्या बोलण्यापेक्षा हे एक वाक्य जास्त कामाचं होतं, म्हणून ते मी इथे जसंच्या तसं लिहिलं आहे.

पण ते तिथेच थांबले नाहीत. "डास वाढलेत का, एवढंच सांग मला. सराव होतो तो ठरावीक डासांचा. डास दसपट झाले तर सराव पुरत नाही."

आम्ही दोघं वाडीतून फिरलो. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ इथून गेलं तेव्हा नारळ, पोफळी मुळासकट आडव्या झाल्या. मुळांच्या जागी झालेले खड्डे काही लोकांनी अजून बुजवलेले नाहीत, पावसात त्यांत पाणी साचतं. पोफळीच्या गळलेल्या विऱ्या, फोडून टाकलेल्या करवंट्या, शहाळ्यांची टोपणं, निळ्या ताडपत्रीची घडी, प्रत्येकात चमचाभर पाणी. एडिसला तेवढं पुरतं. पण नाना त्यांच्यापाशी फार थांबले नाहीत. ते गेले ते मागच्या गल्लीत, जिथे गेल्या काही वर्षांत पर्यटकांसाठी खोल्या उभ्या राहिल्या आहेत. प्रत्येक घरामागे संडासची टाकी आणि प्रत्येक टाकीतून वर गेलेला हवेचा पाइप. नानांनी पाइप मोजायला सुरुवात केली. तेवीस पाइप, जाळी फक्त चारांना. दोन टाक्यांची झाकणं फुटलेली. एका शोषखड्ड्याच्या कडेनं काळं पाणी वर येत होतं, आणि त्यावर काजळीच्या बारीक होड्या तरंगाव्यात तसे क्युलेक्सच्या अंड्यांचे पुंजके.

"बघ," ते म्हणाले. "रॉसचा राखी डास. हा घाणीच्या पाण्याचा डास. रात्री चावतो. तुझे पक्षी रात्री एका फांदीवर ओळीनं झोपलेले असतात. माझ्या काळात या गल्लीत एक टाकी होती."

मला किहीम आठवलं. इथून फार लांब नाही. १९३० च्या पावसाळ्यात नोकरी सुटल्यावर सालिम अली तिथे राहिले आणि सुगरणीची घरटी बघत बसले. नर एकामागून एक घरटी विणतो आणि मादी घरटं पसंत करून मग जोडीदार निवडते, हे त्यांनी तिथेच नोंदवलं. सुगरणीचा विणीचा हंगाम पावसाळ्याचा, डासांचाही तोच. घरट्यातल्या पिल्लाच्या अंगावर पहिले दिवस पीस नसतं. पिलाला चावायला डासाला पाय शोधावा लागत नाही.

"मग फवारणी करू या," नाना म्हणाले. "ग्रामपंचायतीला सांगून धुरळणी लावू."

इथे मात्र मी ऐकलं नाही. धुरळणीचा धूर उडणाऱ्या डासाला मारतो, टाकीतली अळी तशीच राहते आणि आठवड्यात नवे डास येतात. धूर डास आणि बाकीचे किडे यांत फरक करत नाही. चिमणी दाणे खाते, सुगरण दाणे खाते, शिंजीर मध पितो, पण पिल्लांना सगळ्यांनाच किडे भरवावे लागतात. विणीच्या दिवसांत वाडीत धूर सोडणं म्हणजे पक्ष्याला डासापासून वाचवून उपाशी ठेवणं. नाना म्हणाले, डेंग्यूची साथ आली तर धूर लागणारच, तिथे मी कुणाचं ऐकणार नाही. मी म्हटलं, साथ आली तर मीही नाही म्हणणार नाही. साथ नसताना नको. यावर आमचं जमलं.

गप्पी माशांवर जमलं नाही. विहिरीत, सिमेंटच्या हौदात गप्पी सोडायला माझी हरकत नाही. नानांना ते ओढ्याच्या कोंडीतही हवे होते. तिथे बेडकांची पिल्लं असतात, चतुरांच्या अळ्या असतात आणि त्याही डासांच्या अळ्या खातात. परका मासा तिथे एकदा शिरला की काढता येत नाही. नाना म्हणाले, तू अति करतेस. तो मुद्दा अजून तसाच आहे.

आणि मूळ मुद्दाही तसाच आहे. नाना म्हणतात, "बुलबुलासाठी कोणी पाइपला जाळी बांधणार नाही. हत्तीरोगासाठी बांधेल. माणसाचं नाव घे, पक्ष्याचं काम आपोआप होईल." मला वाटतं, नेहमी आपलंच नाव पुढे केलं, तर ज्या दिवशी पक्ष्याचा रोग आपल्याला लागत नाही असं कळेल, त्या दिवशी आपण पाठ फिरवू. पक्ष्यांची देवी आपल्याला लागत नाही. पक्ष्यांचा हिवताप आपल्याला लागत नाही. म्हणून तर त्यांची कुणी विचारपूस करत नाही. मेलेला कावळा दिसला की गावाला एकच नाव माहीत आहे, बर्ड फ्लू. २०२१ मध्ये दापोलीला, २०२५ मध्ये आपल्याच उरणच्या चिरनेरला तो आला होता, तेव्हा ती भीती योग्यच आहे आणि मेलेला पक्षी उघड्या हातानं उचलू नये, पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावं, हेही योग्य. पण जो मरत नाही, नुसता एका पायावर बसतो, त्याला आपल्या भाषेत नावच नाही.

त्या आठवड्यात नानांनी नायलॉनच्या जाळीचं थान आणलं. तेवीसातल्या अकरा पाइपांना घरमालकांशी बोलून त्यांनी जाळी बांधून घेतली, ऐंशीव्या वर्षी शिडीखाली उभं राहून. सगळीकडे हत्तीरोगाचं कारण सांगितलं. एका घरी मात्र त्यांनी बुलबुलाचं सांगितलं असं तिथल्या सूनबाईंनी मला सांगितलं. मी दाण्याची ताटली महिनाभर काढून ठेवली. बुलबुल बाराव्या दिवशी पुन्हा खांबावर दिसला. गाठ काळी पडून सुकली होती, पाय तो अजून टेकत नव्हता. त्यानंतर तो दिसलेला नाही.

तुमच्या अंगणात असा पक्षी दिसला तर त्याला पकडू नका. पायाचा आणि चेहऱ्याचा फोटो काढा, तारीख आणि गाव लिहून ठेवा, आणि पक्षी नोंदवणाऱ्या कुणाकडे तरी पाठवा. दाणा काही आठवडे बंद ठेवा. पाण्याचं परळ आज संध्याकाळी ओता, काथ्यानं घासा. आणि मागच्या अंगणात जाऊन संडासच्या पाइपाला जाळी आहे का ते एकदा मान वर करून बघा.